डब्यावरचा पहारा

"धा मिनिटांत शत्रू येतोय," एवढं सांगून निवृत्त सुभेदार नाथाजी विहिरीच्या कठड्यावर बसले आणि तंबाखू मळू लागले.

समोर पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर स्टीलचा डबा होता. तिन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढा ऊस. डबा राखायचा, एवढंच काम. मुकुलच्या हातात कॅमेऱ्याच्या ड्रोनचा रिमोट होता. त्याची बहीण मयूरी शत्रूचं ड्रोन पाडणारी पेटी घेऊन उभी होती. दोन्ही यंत्रं त्यांनीच बनवली होती, विश्रामबागच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. ड्रोन हॉलमध्ये, पेटी आतल्या खोलीत. गुरुवारी लष्कराचे अधिकारी पाहणीला येणार होते. त्यांनी नको म्हटलं, तर दोघांची छोटी कंपनी बंद करून नोकऱ्या शोधायच्या, असं ठरलं होतं. म्हणून दोघं सरावाला उंब्रजला, नाथाजींच्या रानात आली होती.

"काका, तुमची माणसं कुठून येणार?" मयूरीने विचारलं.

"शत्रूचा पत्ता शत्रूलाच विचारतीस व्हय गं?"

मुकुलचं ड्रोन वर गेलं. पडद्यावर ऊस, विहीर, नाथाजींची टोपी, सगळं लख्ख दिसत होतं. तेवढ्यात डावीकडून घरघर ऐकू आली. गावातलं औषध फवारायचं ड्रोन उसावरून येत होतं. मयूरीने बटण दाबलं. फवारणीचं ड्रोन जागीच घुटमळलं आणि हळूहळू बांधावर उतरलं.

"दादा, पाडलं!"

"पाडलंस," मुकुल म्हणाला. "आपलंही."

त्याचा पडदा काळा झाला होता. त्याचं ड्रोन गिरक्या घेत उसात गेलं होतं. पेटीला सगळी ड्रोन सारखीच. ती दोन्ही यंत्रं आजवर एकाच वेळी कधी चालवलीच नव्हती.

मुकुल उसात धावला. आतून त्याने वॉकीटॉकीवर बहिणीला हाक मारली. उत्तर आलं नाही. बाहेर मयूरीच्या वॉकीटॉकीतही नुसती खरखर होती. ती त्याच पेटीची करामत होती, पण पेटी बंद करायचं तिला सुचलं नाही. भावाला शोधायला तीही उसात शिरली.

आत हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. कुठूनशी एक बारीक 'कूऽऽ' आली. उजवीकडून त्या आवाजाला उत्तर आलं. मग मागून एकामागून एक दोन. मयूरीला वाटलं, पक्षी असतील.

ड्रोन शोधून, पाती लागून ओरबाडलेले हात चोळत दोघं बाहेर आली, तेव्हा पायरी रिकामी होती.

नाथाजी शांतपणे तंबाखू मळत होते. उसातून चार बायका बाहेर आल्या. सर्वांत पुढे त्यांच्या पत्नी मनुबाई होत्या, डोक्यावर डबा घेऊन.

"तुम्ही?" मुकुल ओशाळून म्हणाला. "काकू, तुम्ही शत्रू?"

"आवं, काय सांगून ठेवलंय पोरांना?" मनुबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारले. मग मुकुलला म्हणाल्या, "तुमी वर बघत हुता, आमी खालनं आलो."

"पण उसात एकमेकींना दिसलात कशा?"

"दिसतंय कुणाला? एक कू म्हंजी मी हितं हाय. दोन म्हंजी वाट मोकळी. साप असला तर तीन."

"लय सोपं हाय," नाथाजी म्हणाले.

मयूरीने पेटी बंद केली. वॉकीटॉकीची खरखर थांबली. "याचा सराव किती दिवस केलात, काकू?"

मनुबाईंनी बाकीच्या तिघींकडे बघितलं. चौघीही हसल्या.

"बावीस वर्सं. उसाचा पाला काढतो की आमी."

मनुबाईंनी डबा उघडला आणि दोघांच्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला.

"काकू," मुकुल म्हणाला, "गुरुवारपर्यंत आम्हाला शिकवाल?"

"उद्या सकाळी सातला या. दोघांनी शेजारशेजारची सरी धरायची. पाला काढायला इळं मी दीन."

"आणि यंत्रं?"

"ती परवा आणा."