हाराची खाच

पांचाळबाईंनी सागवानी फ्रेम लाकूड कोरणाऱ्या सीएनसी मशीनच्या टेबलावर पालथी घातली. पाठीमागे चिपसाठी खळगा पाडायचा होता. गेलेल्या माणसाच्या आठवणी भरलेली चिप त्यात बसवली की फोटो बघू-बोलू लागतो. आता घरोघरी तसेच फोटो होते.

"तिसरी फ्रेम? केळुसकर, तुमच्याकडे आता कोण गेलं?"

"कोणी नाही. बाबांचा एकच फोटो होता तोवर ते माझ्याशी बोलायचे. शेजारी आईचा लावला आणि संपलं. दिवसभर दोघांचंच चालतं. बांगडे, पाहुणे, जुनी भांडणं. मी मधे बोललो की गप्प होतात."

"मग ही कोणासाठी?"

"माझ्यासाठी. चिप भरून आणलीय."

बाईंनी मशीन चालू केलं. कटर फिरला, भुसा उडाला, खळगा पडला. वरच्या कडेची हार अडकवायची खाच मात्र त्यांनी मुद्दाम पाडली नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत.

केळुसकरांनी कडेवरून बोट फिरवलं.

"खाच राहिली."

"अहो, असं अभद्र नका बोलू!"

"पाडा, बाई. हार दिसला नाही, तर आई-बाबा परत गप्प होतील."