तोफेवरचा जवळा

टेम्पोतून लोखंडी खांब धडाधड खाली पडले, तेव्हा चंद्रकांता तोफेवर जवळा पसरत होती.

तोफ म्हणायचं आपलं सवयीनं. दांडी गावच्या सुरूच्या बनामागे, टेकाडावर, सिमेंटचा एक गोल ओटा आहे आणि ओट्यावर गंजक्या बोल्टांचं कडं. दुसऱ्या महायुद्धात इथे विमानं पाडायची तोफ होती. लढाई संपली, तोफ गेली, ओटा राहिला. वाळूवर सुकवलेला जवळा दाताखाली कचकचतो. ओट्यावरचा कचकचत नाही. म्हणून बोईसरच्या बाजारात बायका बाकीच्या टोपल्या ओलांडून चंद्रकांतेपाशी येतात, आणि चंद्रकांता त्यांच्याशी जरा मिजाशीतच बोलते.

टेम्पोच्या पुढच्या बाजूने एक तरुण बाई उतरल्या. पालघरच्या कचेरीतल्या उन्नती मॅडम.

"मावशी, हे उचलावं लागेल. आज कुंपण घालतोय. ऐतिहासिक जागा आहे ना ही."

"कोनी सांगितलं?"

मॅडमनी फोन पुढे केला. फोनमध्ये, याच ओट्यावर, छाती काढून चंद्रकांतेचा नवरा दादू बसला होता. केळव्याला सुट्टीला आलेल्या मुंबईकरांना तो सांगत होता, की या तोफेनं एक विमान पाडलं ते थेट त्याच्या बापाच्या जाळ्यात पडलं, आणि वैमानिक वर निघाला तो मिशीत पापलेट अडकलेला.

"पापलेटाचं सोडा," मॅडम म्हणाल्या. "पण तोफेची जागा खरी निघाली."

लढाई संपली तेव्हा दादूचा जन्म व्हायचा होता. पण असल्या बारीक गोष्टींनी तो कधी अडला नव्हता. आत्ता तो बनात बसून जाळ्याची भोकं सांधत होता. चंद्रकांता कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"तुमची जीब टांगते आज काठीवर, बोंबलांच्या संगती! जल्मभर ऐकलं, बोलले नाय. आता माझी जागा चालली. जवला काय तुमच्या डोक्यावर सुकवू?"

दादूने डोक्यावरून हात फिरवला. गुळगुळीत होतं, पण जागा फार नव्हती. तो उठला.

ओट्यापाशी येऊन त्याने खांब पाहिले, मॅडम पाहिल्या, आणि मग जवळ्यावरचं जाळं पाहिलं. कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून चंद्रकांता एक जुनं जाळं बोल्टांना बांधून जवळ्यावर ताणून ठेवते. आज अर्धं बांधून झालं होतं. त्या जाळ्याकडे बघताबघता दादूचे डोळे बारीक झाले. चंद्रकांता ते डोळे ओळखत होती.

"मॅडम, घाला कुंपन," तो म्हणाला. "पन जागा लढाईत व्हती तशी ठेवा. जवल्यासकट."

"जवळ्याचा काय संबंध?"

"असं कसं बोलता! येवढी मोठी तोफ लपवायची कशी? गोरा सायेब आमच्या आयांना म्हनाला, बायांनो, टाका जवला. तोफेवर जालं, जाल्यावर जवला. वरून विमान यायचं. वैमानिक बघायचा, नाक दाबायचा, पुढं जायचा. तोफ कुनाला गावली नाय."

"फोनमध्ये तर विमान पाडलं म्हणालात."

"त्या वैमानिकाला सर्दी व्हती. वास नाय आला, खाली उतरला."

"काका, तुमचा जन्म कधीचा?"

"सोमवारचा."

खांबवाले फिदीफिदी हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या चंद्रकांतेकडे वळल्या.

"मावशी, तुम्ही सांगा. खरं आहे हे?"

दादूने मान खाली घातली. त्याच्या गोष्टीला चंद्रकांतेने आजवर कधी हो म्हटलं नव्हतं. चारचौघांत तो रंगात आला, की ती कपाळाला हात लावून घरात निघून जायची. बाजारातही तिचं तसंच. जवळ्यात काडी असली तर आपणहून सांगणारी बाई.

चंद्रकांतेने खांबांकडे पाहिलं. मग उन्हात गुलाबी पडत चाललेल्या जवळ्याकडे पाहिलं.

"सर्दीचं मला म्हाईत नाय," ती म्हणाली. "पन माझी सासू सांगायची, तोफेवरचा गोरा शिपाय तोंडाला फडकं बांधून बसायचा. जवला परतायला ती त्यालाच लावायची. नीट परतला नाय, तर खराटा घालायची पाठीत. खराटा अजून हाय घरात. दाखवू?"

दादूचा जबडा खाली आला तो तसाच राहिला.

मॅडमनी जाळ्याची एक गाठ बोटांनी चाचपली. ती अलीकडच्या नायलॉनची होती. त्यांनी ओठ दाबून धरले आणि खांबवाल्यांकडे वळल्या.

"फाटक ठेवा. टोपली घेऊन आत जाता येईल एवढं रुंद. किल्ली मावशींकडे."

जाताना त्यांनी पुडीभर जवळा नेला. पुरावा म्हणून, म्हणाल्या.

संध्याकाळी ओट्यावरचा जवळा खराट्याने उलटापालटा करताना दादूला राहवेना.

"आयनं गोऱ्याला खराटा घातला, हे मला कवा बोलली नाय ती."

"तुमी कवा गप बसलाव, तिला बोलू द्यायला?"

तेवढ्यात मुंबईकडे जाणारं एक विमान समुद्रावरून डोक्यावर आलं. चंद्रकांतेने खराटा टाकला, जाळ्याचं सुटलेलं टोक झटकन ओढून बोल्टाला अडकवलं आणि डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. दादू तिच्या तोंडाकडे बघत होता. हसतेय का, काही कळेना.

विमान लहान होत होत बनापलीकडे गेलं.

"गेलं," ती म्हणाली. "नाय दिसली त्याला."