मागचं छोटं बटण

"बंद केलंस का गं?"

आतल्या खोलीतून आलेला बाबांचा आवाज. त्याला आता चोवीस वर्षं झाली. ती तेव्हा सहा वर्षांची होती, आईच्या शिलाई मशीनखाली बसून चिंध्यांची बाहुली बांधत होती. तो प्रश्न तिला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. आईने काय उत्तर दिलं, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

आज त्याच आतल्या खोलीत, भर दुपारी, ती नव्या कॉम्प्युटरसमोर घाम पुसत बसली होती. सुटे भाग आणून तिने तो स्वतः जुळवला होता. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ना दिवा, ना पंखा, ना कसली कुरकुर. उद्या सकाळी नऊला त्याच्यावर काम सुरू व्हायचं होतं. तो चालला तर नोकरी घरून. नाही चालला तर परवाच्या गाडीने दूरच्या शहरात, आणि आई इथे एकटी. ऑफिसने तेवढीच सवलत दिली होती.

"आई, परत बंद कर."

दारापाशी बसून ब्लाउज बेतणारी आई उठली. विजेच्या कामाला या घरात कुणी एकट्याने हात लावायचा नाही. एकाने काम करायचं, दुसऱ्याने बोर्डापाशी उभं राहायचं. हा नियम बाबांचाच. बाबा वायरमन होते. गेले ते याच खोलीत, छताचा पंखा दुरुस्त करताना. बटण आतून चिकटलेलं होतं, बंद केलं तरी चालूच राहायचं, असं सगळे म्हणाले. बाबांच्या मित्रांनी दाराबाहेरचा अख्खा बोर्ड काढून दाराच्या आत नवा बसवून दिला. उतरवलेला पंखा पुन्हा कधी वर गेला नाही. छताला नुसता आकडा राहिला.

तेव्हापासून बोर्डापाशी आई. बंद केलं का विचारलं, तर तोंडाने कधी हो म्हणायची नाही. बटणावर हात ठेवून उभी राहायची. तो हात म्हणजेच उत्तर.

तिने रॅम काढून पुन्हा बसवली. जाड वायरींची टोकं एकेक करून दाबून पाहिली. "कर चालू." आईने भिंतीवरचं बटण चालू केलं. काही नाही. पुन्हा बंद कर, पुन्हा चालू कर. असं चारदा झालं. कॉम्प्युटरच्या डब्याची पाठ बोर्डाकडे होती, उघडं पोट तिच्याकडे. पोटातल्या वायरी बघून बघून तिचे डोळे दुखायला लागले.

शेवटी तिने सामान घेतलं त्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, सगळं उसकटत बसू नका. डब्याच्या मागे एक छोटं बटण असतं, ते बघा. निम्मे लोक अख्खा डबा छातीशी धरून माझ्याकडे येतात. मी एक बोट लावतो आणि डॉक्टर म्हणवून घेतो."

ती जरा चिडलीच. सकाळी आपण स्वतः ते चालू केलंय, टक् असा आवाजसुद्धा ऐकलाय, असं तिने सांगितलं. तरी फोन ठेवल्यावर टेबलाला वळसा घालून ती मागे गेली.

छोटं बटण बंद होतं. काळ्या बटणावर निळ्या खडूचं बोट उमटलं होतं, रेषान्‌रेषा दिसेल असं. आई कापडावर खुणा करते त्या खडूचं.

"आई, हे तू करतेस?"

आईने हातातल्या कापडाची नसलेली सुरकुती काढली. मग हळूच कबूल केलं. भिंतीवरच्या एकट्या बटणाचा भरवसा वाटत नाही, म्हणून दर वेळी मागचंही बंद करते. चालू करायला सांगितलं की भिंतीवरचं करते, मागच्याकडे काही हात जात नाही.

"मला गाडीत बसवून द्यायचंय का तुला?" ती हसत म्हणाली.

"तुझा हात आत असतो गं, चिमे."

या नावाने आईने तिला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती. ती आईजवळ गेली. तिचा खडूचा हात हातात घेऊन तिला डब्यामागे घेऊन आली. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "हे बघ. भिंतीवरचं बटण चांगलं आहे. खराब होतं ते जुनं. ते तर कधीच काढून टाकलं."



तिने आईचंच बोट धरून छोटं बटण दाबलं. टक्. आत टिकलीएवढा दिवा लागला. मग पुढे येऊन तिने मोठं बटण दाबलं, आणि डब्यातला पंखा फिरायला लागला. आधी चाचपडत, मग भरभर. टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा वाऱ्याने सरकत कडेला गेला. एवढ्या वर्षांनी त्या खोलीत पंख्याचा आवाज भरला.

ती हसून आईकडे वळली. आई कॉम्प्युटरकडे बघत नव्हती. ती वर बघत होती, आकड्याकडे.

"जुनंही चांगलंच होतं," आई म्हणाली.

"काय?"

"बटण. त्याला काही झालं नव्हतं." निळं बोट तिने पदरात घट्ट आवळून धरलं होतं. "वीतभर शिवण राहिली होती गं. मी उठलेच नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, केलं."