डावखुऱ्याचा सौदा

डावखुऱ्याला सोडायचं की ठेवायचं, हा प्रश्न सकाळच्या पहिल्या चहापासून जावयाच्या डोक्यात घोळत होता.

डावखुरा हा त्याच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पहिल्या चेंडूपासून सामना अंगावर घेणारा आणि बहुतेक वेळा जिंकून देणारा. अर्थात हे सगळं कॉम्प्युटरवर. बेसबॉलचा हा खेळ असा, की त्यात आपण खेळायचं नाही, नुसता संघ सांभाळायचा. कोणाला उतरवायचं, कोणाला बसवायचं, दुसऱ्या संघाशी कोणाची अदलाबदल करायची, एवढंच आपल्या हातात. सामने कॉम्प्युटर आपले आपण खेळून मोकळा होई.

दुसरा संघ सासऱ्यांचा होता.

ही कल्पना जावयाचीच. सासूबाई गेल्या आणि सासरे एकदम गप्प झाले. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटाच राहायचा. लेकीकडे यायला तयार नव्हता. म्हणून जावयाने आपला जुना लॅपटॉप त्यांना नेऊन दिला, संघ काढून दिला, पासवर्ड चार वेळा समजावला. बायको शेजारी बसून जांभया देत होती.

तेव्हापासून रोज सकाळी फोन. जावयापाशी वेळच वेळ होता. कंपनीने इथली शाखा बंद केल्यापासून तो घरीच असायचा. अर्ज टाकले होते, उत्तरं यायची होती. बायको ऑफिसला निघताना, चपला घालता घालता न चुकता बजावायची, "बाबांना फोन कर हं. वाट बघतात ते."

त्याला तिची दया यायची. बापाची काळजी तिला आतून खात होती, दुसरं काय! मग कितीही नकोसं वाटलं तरी तो उठायचा, तोंडावर पाणी मारायचा, आवाजात जरा तरतरी आणायचा आणि फोन लावायचा.

घोडं अडलं होतं ते डावखुऱ्यापाशी. सासऱ्यांच्या संघात फटके मारणारे एकाहून एक तगडे, पण धड पिचर एकही नाही. त्यांना डावखुरा हवा होता. बदल्यात काय देणार, यावर घासाघीस चालली होती. फोनवर म्हातारा ताकास तूर लागू देत नसे.

"विचार करतो, जावईबापू. उद्या सांगतो," एवढंच म्हणायचा.

आणि मग दुपारी, जेवणाच्या सुमारास, कॉम्प्युटरवर नवा प्रस्ताव येऊन पडायचा. तोही असा बेरकी की जावयाला एकट्याला हसू फुटायचं. परवा तर त्यांनी डावखुऱ्याच्या दुखऱ्या कोपरावर बोट ठेवून भाव पाडायला बघितलं. घड्याळजीच तो, बारीकसारीक बिघाड नजरेतून थोडाच सुटणार!

खरं तर सौदा जावईच लांबवत होता. एकदा व्यवहार उरकला की बोलायचं काय? हवापाण्यावर दोन वाक्यं, मग पुन्हा म्हातारा आणि त्याच्या चार भिंती. ते त्याला बघवलं नसतं.

पण आज त्याचं मन द्रवलं. किती ताटकळवायचं माणसाला? देऊन टाकू डावखुरा, बदल्यात काही नको. एकदा चषक जिंकू दे त्यांना. आणि हे फोनवर नाही, समोर जाऊन सांगायचं. त्यांचा खुललेला चेहरा त्याला बघायचा होता.

त्याने बऱ्याच दिवसांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि बस पकडली. उतरून चालताना ऊन पाठीवर बरं वाटत होतं. या माणसावर आपला एवढा जीव कधी जडला, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

सासऱ्यांचं दार उघडंच होतं. दोन शेजारी आपापली घड्याळं घेऊन हसत बाहेर पडत होते. आत टेबलावर चहाचे रिकामे कप होते. जावयाचा लॅपटॉप खिडकीत होता, मिटलेला, आणि त्याच्यावर झाडाची कुंडी ठेवली होती.

तो उंबऱ्यातच थबकला.

सासरे पाठमोरे बसले होते. दोन्ही हात एका घड्याळाच्या पोटात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर लावून शेजारी टेकवून ठेवला होता.

"अगं, आज अजून त्यांचा फोन नाही आला," ते म्हणत होते. "आला की हो म्हणून टाकू का? पिचर म्हणजे काय, हे मला अजून ओ की ठो कळलेलं नाही. तू सांगतेस ते पोपटासारखं बोलतो झालं."

फोनमधून बायकोचा आवाज आला. मागे ऑफिसची गडबड ऐकू येत होती.

"इतक्यात नको, बाबा. अजून थोडे दिवस घोळवा. तेवढ्या एका फोनसाठी तर तो सकाळी अंथरुणातून उठतो."