नकाशावरचा ढग

नकाशात दाखवलेल्या जागी हायड्रोजनचा ढग नव्हताच. दीडशे वर्षांच्या झोपेतून उठवलेल्या डॉ. मृणालिनी सबनीस तो रिकामा पडदा बघत राहिल्या. नकाशा त्यांचाच होता. जहाजाला आता पुढचं इंधन मिळणार नव्हतं.

“दीर्घिकेच्या भुजेत वायू सरळ गोल फिरत नाही, आत घसरतो. त्यामुळे वेगावरून काढलेलं अंतर चुकतं, हे मी अहवालात लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “उड्डाण लांबेल म्हणून तुम्हीच ते पान काढलंत.”

“आठवतंय मला,” त्यांच्याआधीच झोपेतून उठलेले कप्तान दाभाडे म्हणाले. “पण पोचायला उरलेली आठ वर्षं लोकांनी माझं ऐकायला हवं. चूक तुमची होती, असं लिहून द्या आणि खरं कुणाजवळ बोलू नका. इंधनाशिवाय झोपेच्या पेट्या बंद पडतील, आणि सगळ्यांना उठवलं तर पुरेल एवढी हवा नाही. तुमच्या मुलीला मात्र उठवतो.”

मृणालिनीबाईंनी सही केली.

रेवती उठली आणि आईला बिलगली. जेवताना तिने ते निवेदन वाचलं. तिच्या नवऱ्याचं नाव उठवायच्या यादीत नव्हतं.

“आई, नीट मोजायचं होतंस,” एवढंच ती म्हणाली, आणि अंथरूण उचलून जहाजाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली.