कांडीचा डोळा

उद्या नव्या शाळेत दीपालीला इंग्रजीचा पाठ घेऊन दाखवायचा होता, आणि ‘रिस्पॉन्सिबिलिटी’चे तुकडे कुठं पाडायचे हेच तिला उमगत नव्हतं. मोबाईलमधली बाई तो शब्द पुन्हापुन्हा म्हणत होती. शेजारी सासूबाई लावणीसाठी उसाचं बेणं तोडत होत्या.

“आत्ती, कोयता कुठं मारायचा हे कसं कळतं?” दीपालीनं वैतागून विचारलं.

“दर कांडीला डोळा पायजे. बिनडोळ्याची कांडी उगवत न्हाई.”

दीपालीनं मांडीवरच्या पुस्तकात पाहिलं. पहिलाच नियम होता: प्रत्येक तुकड्यात एक स्वर हवा. तिनं शब्दातले स्वर मोजले.

“सहा तुकडे. आता जोर कुठल्यावर, तेवढं राहिलं.”

सासूबाईंनी सहा कांड्या ओळीनं मांडल्या. “त्या बाईला परत बोलीव.” शब्द कान देऊन ऐकला आणि कोयत्याचं टोक चौथ्या कांडीवर ठेवलं.

डिक्शनरीत जोराची बारीक खूण चौथ्या तुकड्यावरच होती. दीपाली सासूकडं बघतच राहिली.

“आत्ती, तुम्ही कितवीपर्यंत शिकलाय?”

“आमच्या वस्तीवर शाळा आली, तवाबी मी बेणंच तोडत हुते.”