आवाज येईना

परमेश्वरनं गावच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, 'विजयसिंहदादा, ग्रुपवर आयाबहिणी हायत, शिव्या देऊ नका.' दुपारी दादांच्या पोरांनी त्याच्या माफीचा व्हिडिओ टाकला. गुडघे टेकून, हात जोडून परमेश्वर काहीबाही पुटपुटत होता.

केजच्या स्टँडवर चहा पीत बसलेल्या बजरंगला आपल्या शाळासोबत्याची ती गत बघून लई हसू आलं. त्यानं लगेच टाकलं, 'आवाजच येईना बे, परत घ्या!' त्याखाली हसणाऱ्यांची रांगच लागली.

थोड्या वेळानं दुसरा व्हिडिओ आला. परमेश्वरचा एक डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता, पण 'चुकलं दादा' अगदी खणखणीत ऐकू आलं. मग कॅमेऱ्याकडं बघत त्यानं पुन्हा हात जोडले.

"बजरंग, आता येतोय का आवाज?"